हनुमतोडी ऐकायची कशी: भैरवीत मुरलेल्या कानांसाठी

आपल्या मैफलीत भैरवी लागली की निरोपाची वेळ झाली, हे कुणाला सांगावं लागत नाही. सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. नेमके हेच सात सूर घेऊन कर्नाटक संगीतातला गायक मैफल ऐन भरात असताना, गळा पूर्ण तापलेला असताना ठाण मांडून बसतो. आलापना, म्हणजे तालाविना आलाप, मग कृती, म्हणजे बांधलेली रचना, मग एकाच ओळीचा विस्तार, मग सरगम, शेवटी मृदंगाचं एकट्याचं वादन. तास कधी उलटून जातो ते कळत नाही. त्या रागाचं पूर्ण नाव हनुमतोडी, बोलताना नुसती तोडी.

मी नेरूळला घरी गाण्याचे आणि पेटीचे वर्ग घेते. शिक्षण सगळं हिंदुस्थानी, कान नाट्यगीतांवर वाढलेला. आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात एक मामी राहतात, मूळच्या तंजावरकडच्या. त्या वीणा शिकवतात. तोडी मला त्यांच्याकडून कळत गेली, आणि आता माझ्याकडच्या मोठ्या विद्यार्थ्यांना मी ती मुद्दाम ऐकायला लावते. ज्यांना भैरवी ऐकून ओळखता येते, पण कर्नाटक गाणं लागलं की "सूर फार हलतात, सगळं एकसारखंच वाटतं" असं म्हणून जे पुढे सरकतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझं सांगणं असं की या रागाचा जीव त्या हलण्यातच आहे. ते ऐकायची सवय लागली की तोडी आपोआप उलगडते, आणि तिच्या मागोमाग बाकीचे रागही.

सुरुवात करण्याआधी नावांचा घोळ निस्तरून घ्या, नाहीतर यूट्यूबवर भलतंच काहीतरी ऐकत बसाल. आपण जिला तोडी म्हणतो, मियाँ की तोडी, तिचे सूर तिकडे शुभपंतुवराळी नावाच्या मेळात, म्हणजे त्यांच्याकडच्या थाटात, येतात. आपल्या भैरवीचे सूर म्हणजे त्यांची हनुमतोडी. आणि त्यांचीही एक भैरवी आहे, फार मोठी रागिणी, पण तिचा आपल्या भैरवीशी संबंध नाही. तिच्यात आरोहात शुद्ध धैवत लागतो आणि अवरोहात कोमल. तेव्हा शोधताना "कर्नाटक तोडी" किंवा "हनुमतोडी" असंच शोधा. ७२ मेळकर्त्यांच्या यादीत हा आठवा मेळ. नावातच क्रमांक दडवलेला आहे: अक्षरांना आकडे देणाऱ्या कटपयादि पद्धतीत ह म्हणजे ८ आणि न म्हणजे ०, आकडे उलटे वाचायचे, ०८. ज्यांना संस्कृतातल्या अशा युक्त्या आवडतात त्यांनी धीरशंकराभरणाचा २९ आणि मेचकल्याणीचा ६५ असाच काढून पाहावा.

सूर तेच आणि राग वेगळा, हे आपल्याला नवं नाही. भैरवीचेच सूर घेऊन आपल्याकडे बिलासखानी तोडी उभी राहते, कोमल रिषभ आसावरीही उभी राहते, आणि जाणता श्रोता तिन्हींत कधी गोंधळत नाही. चलन वेगळं, कुठे थांबायचं ते वेगळं, कोणता सूर कोणत्या बाजूने घ्यायचा ते वेगळं. हीच समज घेऊन तोडीकडे जायचं, फक्त इथे चलनाबरोबर आणखी एक गोष्ट येते आणि ती सगळ्यांत मोठी आहे: प्रत्येक सुराचं वागणं. ते ऐकण्यासाठी आधी थोडं करून बघावं लागतं.

पेटी काढा. पांढरी तीन हा सा धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वरच्या पांढरी तीनपर्यंत जा, तसेच परत या. काळ्या पट्टीला हात लावायचा नाही. हे तोडीचे सातही सूर झाले, एकही जास्त नाही की कमी नाही. आता हे कुठल्याही कर्नाटक गायकाला ऐकवलंत तर तो याला तोडी म्हणणार नाही, सांगाडा म्हणेल. आता सा दाबून धरा. पांढरी चार हा कोमल रिषभ, पांढरी पाच हा कोमल गंधार, पांढरी सहा हा मध्यम. पेटी तशीच सुरात ठेवून गळ्याने रिषभापासून निघा, वर मध्यमाला जेमतेम शिवा आणि परत या. पुन्हा जा, पुन्हा या. गंधारावर थांबायचं नाही, त्याच्यावरून जायचं. आणि हे करताना तोंडाने म्हणायचं मात्र "ग". पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण आपल्या सरगमात तोंडातलं अक्षर आणि गळ्यातला सूर एकाच जागी असतात. तिकडे "ग" या एका अक्षरात रिषभापासून मध्यमापर्यंतचा सगळा प्रवास मावतो. ही तोडीच्या गंधाराची ढोबळ रूपरेषा. हे एकदा स्वतःच्या गळ्यातून काढलंत की ध्वनिमुद्रणात तो गंधार तुम्हाला लगेच सापडायला लागेल.

मला तो गंधार खरा कळला तो मामींच्या वीणेवर, आणि तोही ऐकण्याआधी डोळ्यांनी. वीणेचे पडदे सतारीसारखे सरकवता येत नाहीत, ते मेणात पक्के बसवलेले असतात. मामी तोडी वाजवत होत्या आणि मी त्यांच्या डाव्या हाताकडे बघत होते. गंधार ऐकू येत होता आणि बोटं तर रिषभाच्या पडद्यावर होती. तिथेच दाबून त्या तार बाजूला ओढायच्या, ताण वाढला की सूर वर चढायचा, मध्यमाच्या जवळ पोचला की सैल सोडायच्या. पुन्हा ओढ, पुन्हा सैल. तारेचा बोटाखालचा तो इवलासा पट्टा थरथरताना दिसत होता. मी विचारलं, "मामी, मग गंधाराचा पडदा कशाला आहे?" त्या म्हणाल्या, "तो पण लागतो गं, दुसऱ्या रागांना. तोडीला त्याच्यावर बसवलं तर ती तोडी राहत नाही." त्यांचं मराठी तीस-पस्तीस वर्षांत असं झालंय की 'पण' कुठे घालायचा तेवढंच काय ते त्यांचं स्वतःचं.

या हलण्याला ते कंपित गमक म्हणतात. आपल्या दरबारीतला आंदोलित गंधार तुमच्या ओळखीचा असेल तर अर्धी वाट चालून झाली. फरक एवढाच धरायचा की दरबारीचा गंधार संथ असतो आणि खाली झुकतो. तोडीचा रुंद असतो, वर मध्यमाकडे हात पसरतो, आणि त्याच्या झोक्यांची गती गायक लयीप्रमाणे बदलत राहतो. संथ आलापनेत दोन झोक्यांमध्ये श्वास घेता येईल इतकी फट असते. द्रुत स्वरांत तोच गंधार एका चटक्यात संपतो.

पुढची पायरी सोपी आहे आणि तिने फार उजेड पडतो. पेटीवर सा रे ग म वाजवा, मग प ध नी सां. दोन्ही चौकड्यांची अंतरं हुबेहूब सारखी आहेत. म्हणून खाली जे रिषभ-गंधाराचं होतं, तेच वर धैवत-निषादाचं होतं. गायक आलापनेत खाली एक वाक्य बोलतो आणि थोड्या वेळाने तेच वाक्य पंचमापलीकडे जाऊन बोलतो. हे उत्तर-प्रत्युत्तर पकडायला लागा. आधी मंद्रात, मग मध्यात, मग तार षड्जाच्या वर. तार गंधाराची तर वाटच बघायची. चांगला गायक तिथे पोचायला अजिबात घाई करत नाही. षड्जाभोवती, रिषभाभोवती घुटमळतो, एकदा गंधाराला हात लावून मागे येतो, आणि मग जेव्हा खरोखर तिथे जाऊन ठाकतो तेव्हा सभागृहातले अर्धे लोक मान हलवताना दिसतात.

पंचमाकडेही लक्ष ठेवा. सा आणि प हे इथे अचल, एवढे सूर हलत असताना टेकायला हेच दोन खांब. पण तोडीची सर्वांत देखणी वाक्यं पंचम गाळून येतात: ग म ध नी ध म ग रे सा अशा वळणाची. मध्यमावरून थेट धैवतावर गेलं की रागाचा रंग एकदम गडद होतो. काही गायक पंचम पूर्ण वगळून बराच वेळ गातात, त्याला शुद्ध तोडी म्हणायची पद्धत आहे. आपल्या मियाँ की तोडीतही पंचम जपून वापरतात आणि तो पूर्ण काढला की गुजरी तोडी होते, ते आठवून पाहा. म्हणून पंचमाविना बराच वेळ गेल्यावर जेव्हा गायक शांतपणे पंचमावर येऊन थांबतो, तो क्षण चुकवू नका.

आता ऐकायचं काय, आणि कोणत्या क्रमाने. अनेक जण नवख्या माणसाला थेट मोठी आलापना लावून देतात. मला ते पटत नाही. शब्द आणि ताल नसताना इतके हलते सूर धरायला कान सरावलेला लागतो. मी माझ्या मुलांना आधी 'ताये यशोदा' देते. ऊत्तुक्काडु वेंकटकवींची तमिळ रचना. गोपी यशोदेकडे कृष्णाच्या खोड्यांची तक्रार घेऊन आल्या आहेत, चरणांमागून चरण तक्रारीच चालल्या आहेत. म्हणजे आपली गौळणच. भाषा कळली नाही तरी भाव कळतो, आदितालाची आठ मात्रांची चाल सरळ आहे, आणि प्रत्येक चरणात तोडीची ठरावीक वाक्यं परतून परतून येतात. दोन-तीन वेगवेगळ्या गायकांचं ऐका. जे वाक्य सगळ्यांत समान असेल ते रागाचं, जे बदलेल ते त्या गायकाचं.

त्यानंतर 'कमलांबिके'. रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितांची (१७७५–१८३५) ही संस्कृत कृती, तिरुवारूरच्या कमलांबा देवीवरच्या नवावरण कृतींच्या मालेची सुरुवातीची ध्यानकृती. शब्द आपल्याला कळतात, ही मोठी सोय. दीक्षितांची चाल संथ, वीणेच्या वळणाची, म्हणून इथे गमक जणू उलगडून समोर ठेवलेले असतात. रूपक ताल आहे, पण आपला सात मात्रांचा रूपक मनात आणू नका, तो वेगळा. सातची गंमत हवी असेल तर श्यामाशास्त्रींची (१७६२–१८२७) 'निन्ने नम्मिनानु' घ्या, मिश्र चापू ताल, तीन आणि चार मात्रांचा. देवीपुढे हट्ट धरलेल्या लेकरासारखी ही कृती आहे, आणि तोडीत आर्जव किती खोल जातं ते इथे कळतं.

त्यागराजांची (१७६७–१८४७) तोडी मात्र आभाळाएवढी आहे. या एका रागात त्यांनी इतक्या कृती केल्या आणि प्रत्येकीची चाल इतकी निराळी, की नुसत्या त्याच ऐकल्या तरी राग सगळ्या बाजूंनी बघून होतो. त्यातली 'कोलुवमरे गदा' मैफलीत मुख्य कृती म्हणून येते. तिच्यात तंबुरा हाती घेऊन रामाचे गुण गाण्याची ओळ आहे, "तंबुरा चेकोनि" अशी सुरू होणारी. बहुतेक गायक नेरवल तिथेच करतात, म्हणजे तेच शब्द, तालाच्या त्याच जागी ठेवून, दर आवर्तनाला नव्या सुरांत म्हणतात. आपल्या बोल-आलापाच्या जवळचा प्रकार, पण शब्दाची जागा पक्की. इथे शब्द आणि ताल खुंटीसारखे पक्के राहतात आणि बदलतात ते फक्त रागातले सूर, म्हणून रागाचं चलन समजून घ्यायला नेरवलासारखी दुसरी जागा नाही.

एवढं झालं की मग टी. एन. राजरत्नम पिळ्ळै (१८९८–१९५६) यांचं नागस्वरम लावा. नागस्वरम आणि तोडी हे नातं या माणसाने असं जोडलं की तमिळनाडूत आजही तोडी म्हटलं की त्यांचं नाव निघतं. ध्वनिमुद्रणं जुनी आहेत, खरखर आहे. आवाज थोडा वाढवा आणि खिडकी उघडी ठेवा. हे मोकळ्यावरचं वाद्य आहे, देवळाच्या रस्त्यावर मिरवणुकीपुढे वाजणारं, बंद खोलीत कान लावून ऐकण्यासारखं नाही. सनईवर आपण वाढलो आहोत, त्यामुळे फुंकेचा जोर आणि श्वासाची लांबी आपल्याला लगेच जाणवते. त्यांची तोडी ऐकून माझ्या मनातली एक समजूत कायमची गेली. कोमल सूर एवढे आहेत म्हणजे राग करुणच असणार, असं भैरवीमुळे आपण धरून चालतो. पण या तोडीत करुणेबरोबर केवढा दरारा आहे! राजवाड्याच्या दारात उभं राहावं तसं वाटतं. पुढे आपण 'हा राग कोणत्या भावनेचा' असं विचारायचं सोडून देतो आणि गायक त्यातून काय काढतो ते बघायला लागतो.

घरी ऐकून जेवढं होतं तेवढं झालं की प्रत्यक्ष मैफलीला जाच. ठाणे-नवी मुंबईकरांचं नशीब असं की दोन मोठ्या सभा, म्हणजे मैफली भरवणाऱ्या संस्था, आपल्या लोकलच्या वाटेवर आहेत. चेंबूरची फाइन आर्ट्स सोसायटी नेरूळ-वाशीकडून हार्बरने सरळ. षण्मुखानंदला ठाण्याहून धीमी लोकल पकडून शीवला उतरता येतं. दोन्हीकडे कर्नाटक कचेऱ्या, म्हणजे मैफली, नेमाने होतात. शिवाय आपल्याच भागातल्या दाक्षिणात्य मंदिरांच्या उत्सवांत गाणं असतं, तिथे अगदी पुढ्यात बसायला मिळतं. पौष वद्य पंचमीच्या सुमारास त्यागराज आराधना, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीचा उत्सव, असते. ती अवश्य बघा, पण तिथे गायल्या जाणाऱ्या त्यांच्या पाच पंचरत्न कृतींमध्ये तोडी नाही: नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री हे ते पाच राग. तोडीची अपेक्षा धरून जाऊ नका.

कचेरीत समयाचं बंधन आपल्यासारखं पाळत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी तोडी येऊ शकते. सुरुवातीला वर्णम ही ठरीव रचना, मग छोट्या कृती. राग जाहीर करतीलच असं नाही. मैफलीच्या मध्यावर गायकाने जरा जास्त वेळ घेऊन षड्ज लावला, आणि थोड्याच वेळात तो झोके घेणारा गंधार आला, की समजायचं. बसताना व्हायोलिनवाल्याचा डावा हात दिसेल अशी जागा धरा. व्हायोलिनचं टोक पायावर टेकवलेलं असतं, म्हणून हात मोकळा असतो, आणि एकच बोट तारेवर वरखाली सरकताना गंधार डोळ्यांना दिसतो. गायकाची आलापना झाली की तोच राग व्हायोलिन एकट्याने वाजवतं. तेव्हा पाणी प्यायला उठू नका. शब्द नाहीत, गळ्याचे अडथळे नाहीत, नुसता राग तुमच्यासमोर पुन्हा एकदा पहिल्यापासून मांडला जातो.

शेजारचे लोक मांडीवर ताल धरतील. आदिताल शिकून घ्यायला एक बैठक पुरते: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट असे तीन मोजायचे, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. आठ झाले. तुम्हीही धरा, कुणी वळून बघत नाही. उलट कल्पनास्वरांच्या वेळी, जेव्हा गायक "ग म ध नी" अशी झटपट सरगम रचत पुन्हा कृतीच्या ओळीवर येतो, तेव्हा हातात ताल असेल तर ती उडी नेमकी कुठे पडली ते कळतं. आणि तेव्हा कान द्या: तोंडात "ग" आहे आणि गळ्यात रिषभ-मध्यमाची ये-जा. पेटीपाशी केलेला अभ्यास इथे उपयोगी पडतो.

या रागाचं एक मराठी नातंही आहे. तंजावरच्या भोसल्यांच्या दरबारात तोडी सीतारामय्या नावाचे गायक होते. सांगतात ते असं की त्यांनी अडचणीत सावकाराकडे चक्क तोडीच गहाण ठेवली. कर्ज फिटेपर्यंत तोडी गायची नाही. दरबारात तोडीची फर्माईश झाली तेव्हा हे उघड झालं, आणि राजाने पैसे भरून राग सोडवून आणला. दंतकथा म्हणून ऐकावी, पण सावकाराने सोनंनाणं न मागता राग तारण म्हणून घेतला, यावरून त्या मुलखात तोडीची पत काय होती ते कळतं. आणि कर्नाटक गाणं आपलं नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी (१८७२–१९३७) त्यागराजांची खरहरप्रियातली कृती ध्वनिमुद्रित करून ठेवली आहे. तीही ऐका, आपला किराणा घराण्याचा गळा तिकडच्या वाटेने कसा चालला ते बघायला.

गायचं म्हणाल तर एक पथ्य पाळा. पुस्तकातली स्वरलिपी बघून तोडी बसवू नका. कागदावर "ग" एवढंच लिहिलेलं असतं, त्याच्या आतला प्रवास कागदावर येत नाही. समोर बसून एक-एक वाक्य ऐकायचं आणि तसंच्या तसं म्हणायचं. नवी मुंबईत, ठाण्यात अशा शिकवणाऱ्या मामी पुष्कळ आहेत, सोसायटीत विचारलंत तर पत्ता लागतो. आधी वर्णम मागून घ्या. रागाची सगळी वाक्यं त्यात बांधून ठेवलेली असतात.

आणि तोडी कानात बसली असं वाटलं की धन्यासी ऐका. तोडीचाच जन्य राग, म्हणजे तिच्याच मेळातून निघालेला. आरोहात रिषभ आणि धैवत नाहीत, सा ग म प नी सां, म्हणजे वर जाताना आपला भीमपलास. उतरताना मात्र कोमल धैवत, कोमल रिषभ. चढताना तुमचा कान भीमपलासात जाईल. तसं झालं तर गायक उतरायला लागेपर्यंत थांबा, आणि अवरोहातला रिषभ येतो तेवढाच नीट धरा.